थांबला तो वाचला!

‘थांबला तो संपला’ हे वाक्य शाळेच्या भिंतीवर वाचत आपण सगळे मोठे झालो. लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच असणार. पण त्याने जुलै महिन्यात, भर पावसात, पसरणीच्या घाटातून सायकल खाली आणलेली नसणार एवढं मी पैजेवर सांगतो. मी आणली आहे. त्या दिवसापासून माझ्यापुरता तो सुविचार मी बदलून घेतला आहे : थांबला तो वाचला!

मंडळी, घाबरू नका. हे प्रवासवर्णन नाही आणि ‘सायकल चालवा, पर्यावरण वाचवा’ हा निबंधही नाही. (तो मी दहावीला लिहिला होता. मार्क सांगत नाही.) हा लेख एका प्रश्नाबद्दल आहे, आणि गेले सहा महिने आमच्या विंगमध्ये त्यावर जेवढी भांडणं झाली तेवढी मेसच्या बिलावरूनही झाली नसतील. प्रश्न असा : मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं हँडल असलेली जुनी रोड बाइक आहे, तिला रिमवर दाबणारे जुन्या पद्धतीचे ब्रेक आहेत. ते काढून डिस्क ब्रेक बसवावेत का?

उत्तर शेवटी देतो म्हटलं तर तुम्ही पानं उलटून आधी शेवट वाचाल. म्हणून आत्ताच सांगून टाकतो. नवी सायकल घेणार असाल तर डिस्क ब्रेकचीच घ्या. पण जुन्या सायकलला कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंग मारून डिस्क ब्रेक लावू नका. या दोन वाक्यांत विरोध आहे असं वाटत असेल तर पुढे वाचा. मलाही तसंच वाटायचं.

आधी घाटातली गोष्ट. माझी सायकल सेकंडहँड. पास आउट होऊन निघालेल्या एका सिनियरकडून अकरा हजारांना घेतली. फ्रेम ॲल्युमिनियमची, पुढचा फोर्क स्टीलचा, टायर २५ मिलिमीटरचे. गेल्या वर्षी जुलैमध्ये दोन दिवस सुट्टी होती म्हणून वाईला मामाकडे गेलो होतो. रविवारी सकाळी एकटाच पाचगणीला चढलो. वर कांदाभजी, दोन चहा. तेवढ्यात पाऊस सुरू झाला आणि धुकं उतरलं. थांबावं असं वाटलं, पण मामी जेवायला वाट बघत होती. निघालो.

निम्म्या घाटात एका वळणापलीकडे एसटी उभी होती. पुढे म्हशी आडव्या आल्या होत्या. मी दोन्ही लिव्हर दाबले. काहीही झालं नाही. अगदी हँडलला टेकेपर्यंत दाबले तरी सायकल आपली चाललेली. आणि मग जेव्हा ब्रेक लागले तेव्हा एकदम लागले, मागचं चाक घसरलं आणि मी डोंगराच्या बाजूच्या गटारात. दरीच्या बाजूला नाही, हे माझं नशीब, त्यात कौशल्य काही नाही. गुडघ्याला आठ टाके पडले. एसटीचे कंडक्टर काका उतरून आले, मला उठवलं, सायकल उभी केली, लिव्हर दोनदा दाबून पाहिले आणि म्हणाले, “पोरा, हे ब्रेक आहेत का नुसतीच शोभा?”

मामा मात्र शांत होता. त्याच्या तरुणपणी घरात सळईच्या ब्रेकची काळी सायकल होती, चकचकीत क्रोमच्या स्टील रिमची. “पावसात तिचा ब्रेक म्हणजे चप्पल,” मामा म्हणाला. “भाच्या, उतार लागायच्या आधी वेग मारायचा असतो. उतारावर लागल्यावर देवाचं नाव घ्यायचं.” मी मनात म्हटलं, मामा, तुझा जमाना गेला. आता डिस्क ब्रेक आहेत.

हॉस्टेलवर आलो तर पब्लिक तयारच होतं. अर्ध्या जणांनी मोबाइलवर व्हिडिओ काढून दाखवले. एक म्हणाला, मोटरसायकलला डिस्क, कारला डिस्क, मग सायकलनेच काय पाप केलं? दुसऱ्याचं म्हणणं, टूर द फ्रान्सवाले लावतात म्हणजे काहीतरी असेलच ना. तिसरा माझा रूममेट. त्याने या सगळ्यात टीईचा मिनी प्रोजेक्ट पाहिला! “रिमूव्ह रिम ब्रेक, रेट्रोफिट डिस्क ब्रेक. टॉपिक तयार, सायकल तुझी, वेल्डिंग वर्कशॉपमध्ये फुकट. सर खूश.” चौघांचा ग्रुप जमला. सिनॉप्सिससुद्धा लिहून झाला. पहिलं नाव माझं होतं, कारण सायकल माझी होती.

आता डिस्क ब्रेकची बाजू प्रामाणिकपणे मांडतो. नंतर मी विरोधात बोलणार आहे, त्यामुळे आधी त्याचं देणं देऊन टाकलेलं बरं.

पहिला मुद्दा पावसाचा. रिम जमिनीपासून हातभरसुद्धा लांब नसते. रस्त्यावरचं पाणी, चिखल, वाळू सगळं तिच्यावर. ब्रेक दाबला की रबर आधी हे पाणी पुसतं आणि मग रिम धरतं. ताशी ३६ किलोमीटर वेग म्हणजे सेकंदाला १० मीटर. चाकाचा परीघ साधारण २.१ मीटर, म्हणजे सेकंदाला जवळपास पाच फेरे. पाणी पुसण्यात एक सेकंद गेला तर तुम्ही १० मीटर पुढे गेलात आणि वेग तेवढाच. घाटात १० मीटर म्हणजे अख्खी एसटी. डिस्क वर, हबजवळ असते, तिच्यावर पाणी कमी उडतं, आणि पॅड तिला इतक्या जोराने दाबतात की पाण्याचा थर टिकत नाही.

दुसरा मुद्दा झिजण्याचा. रिम ब्रेकमध्ये रिम हाच ब्रेकचा भाग असतो. पावसात रबरात वाळूचे कण रुततात आणि रिमला घासून काढतात. वर्षानुवर्षं घासून रिमची भिंत पातळ होते आणि एक दिवस टायरच्या दाबाने फाटते. डिस्कमध्ये झिजते ती १.८ मिलिमीटर जाडीची स्टीलची चकती. ती बदलली की झालं, रिम शाबूत. शिवाय खड्ड्यात जाऊन चाकाला आउट आला तरी ब्रेक घासत नाही.

तिसरा मुद्दा टायरचा, आणि माझ्या मते आपल्याकडे हाच सगळ्यात मोठा. रोड बाइकच्या रिम ब्रेकचा कॅलिपर टायरला वरून मिठी मारतो, त्यामुळे बहुतेक सायकलींत २५ किंवा २८ मिलिमीटरच्या पुढचा टायर बसत नाही. डिस्कच्या सायकलीत ही अडचण नसते, ३२ किंवा त्याहून रुंद टायर सहज मावतो. आपले रस्ते बघता हा टायर कमरेला जेवढा आराम देतो तेवढा कुठलाही ब्रेक देणार नाही.

एवढं सगळं चांगलं असताना रेसवाल्यांनी मात्र डिस्कला बरेच आढेवेढे घेतले. गंमत बघा. लँचेस्टरने इंग्लंडमध्ये डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं १९०२ मध्ये. जॅग्वारने १९५३ मध्ये डिस्क ब्रेक लावून ल मॉंची कार रेस जिंकली. आणि सायकलच्या रोड रेसमध्ये यूसीआय या आंतरराष्ट्रीय संघटनेने डिस्कची चाचणी सुरू केली ती २०१५ मध्ये! एप्रिल २०१६ मध्ये पॅरिस-रूबे शर्यतीत फ्रान्सिस्को व्हेंतोसो या स्पॅनिश सायकलपटूच्या पायाला मोठी जखम झाली. ती डिस्कने झाली असं त्याचं म्हणणं होतं. चाचणी थांबली. २०१७ मध्ये ती पुन्हा सुरू झाली, त्याच वर्षी मार्सेल किटेलने डिस्कच्या सायकलवर टूर द फ्रान्सचा टप्पा जिंकला, आणि १ जुलै २०१८ पासून पूर्ण परवानगी मिळाली. तरीसुद्धा २०२० ची टूर पोगाचारने जिंकली ती रिम ब्रेकवर. आज त्या पातळीवर जवळजवळ सगळ्या सायकली डिस्कच्याच दिसतात.

म्हणजे माझा दुसरा मित्र बरोबर होता, टूरवाले डिस्क लावतात. पण एक गोष्ट त्याने पाहिली नाही, आणि तेव्हा मीही पाहिली नव्हती. त्यांनी जुन्या सायकलीला डिस्क लावली नाही. त्यांनी डिस्कला सायकल लावली! फ्रेम नवी, फोर्क नवा, हब नवे, स्पोकची बांधणी नवी, चाक धरणारा ॲक्सलसुद्धा नवा. ब्रेक हा सायकलचा एक पार्ट आहे असं आपण समजतो. तो पार्ट नाही. लिव्हरपासून टायरपर्यंतचा तो एक रस्ता आहे आणि बळ त्या रस्त्याने जातं. रस्ता बदलला तर वाटेतली सगळी गावं बदलतात.

हे मला कोणी शिकवलं नाही. सिनॉप्सिसबरोबर सरांनी कॅल्क्युलेशन मागितलं म्हणून करावं लागलं. ज्यांना गणिताची ॲलर्जी आहे त्यांनी दोन परिच्छेद सोडून द्यावेत, पण मेकॅनिकलवाल्यांनी सोडू नयेत ही विनंती.

मी, सायकल आणि सॅक मिळून ८० किलो धरा. जोरात ब्रेक मारला की वेग सेकंदाला ५ मीटर प्रति सेकंद या दराने कमी होतो असं धरा. याच्या फार पुढे जाता येत नाही, कारण ०.५ ते ०.६ जीच्या आसपास मागचं चाक उचललं जातं आणि स्वार हँडलवरून पुढे. ब्रेक कितीही महाग असो, सपाट कोरड्या रस्त्यावर ही हद्द सायकलच्या उंचीने आणि लांबीने ठरते, ब्रेकने नाही. म्हणून कोरड्यात चांगला रिम ब्रेक आणि डिस्क यांच्या थांबण्यात लोक समजतात तेवढा फरक नसतो. हे ऐकून रूममेटचा चेहरा पडला.

आता ८० गुणिले ५ म्हणजे ४०० न्यूटन. असा ब्रेक लागतो तेव्हा जवळजवळ सगळं वजन पुढच्या चाकावर आलेलं असतं, म्हणून हे सगळं पुढच्या ब्रेकचं काम समजा. चाकाची त्रिज्या ३४ सेंटीमीटर, तेव्हा टॉर्क १३६ न्यूटन-मीटर. रिम ब्रेक हा टॉर्क ३१ सेंटीमीटरवर पकडतो, म्हणजे रबरावर घर्षणाचं बळ साधारण ४४० न्यूटन. ते फोर्कच्या वरच्या, सगळ्यात जाड भागात जातं आणि दोन्ही पायांत वाटलं जातं. १६० मिलिमीटरच्या डिस्कवर पॅड बसतो केंद्रापासून सुमारे ७ सेंटीमीटरवर. १३६ भागिले ०.०७. उत्तर १९०० न्यूटनच्या वर! म्हणजे जवळपास दोन क्विंटलचं ओझं. आणि ते कुठे? फोर्कच्या एकाच, डाव्या पायाच्या खालच्या टोकाला. माझ्या फोर्कचा पाय तिथे बोटाएवढा बारीक होत जातो, कारण बनवणाऱ्याने तिथे असं ओझं कधी धरलंच नव्हतं.

हा आकडा आला तेव्हा मी तीनदा तपासला. बरोबर होता. मग एकेक गाव दिसायला लागलं.

माझ्या पुढच्या चाकाचे स्पोक रेडियल, म्हणजे हबपासून सरळ रिमकडे जाणारे. रिम ब्रेकला ते चालतात, कारण ब्रेक रिमलाच धरतो आणि हब नुसता फिरतो. डिस्कमध्ये हब थांबवायचा आणि त्याने स्पोकमार्फत रिम थांबवायची. सरळ स्पोक हा पीळ झेलू शकत नाहीत, त्यासाठी एकमेकांना छेद देणारी बांधणी लागते. म्हणजे नवा हब, नवे स्पोक, थोडक्यात नवं चाक. मागे तर आणखी मजा. माझ्या फ्रेममध्ये मागच्या हबला जागा १३० मिलिमीटर, डिस्कचे साधे हब येतात १३५ चे. स्टीलची फ्रेम असती तर जाणता कारागीर ती थोडी फाकवू शकतो. ॲल्युमिनियमशी असला खेळ करायचा नसतो.

पुढची अडचण चाक निसटण्याची. कॅलिपर फोर्कच्या मागच्या बाजूला असतो. चाक पुढे फिरत असताना मागच्या बाजूने डिस्क वर जात असते. पॅड तिला अडवतात, म्हणजे खाली ढकलतात. आणि क्विक रिलीजच्या फोर्कची खाच उघडी असते ती खालीच! क्विक रिलीज जरा सैल असला की प्रत्येक ब्रेकला ॲक्सल खाचेतून बाहेर सरकायला बघणार. डिस्कच्या नव्या सायकलींत आरपार जाणारा, आट्यांनी बसणारा १२ मिलिमीटरचा ॲक्सल दिसतो, त्याचं एक मोठं कारण हे आहे.

मग लिव्हर. रोड बाइकचा लिव्हर केबल कमी ओढतो, माउंटन बाइकचा जास्त. त्यामुळे केबलवरचे डिस्क कॅलिपरसुद्धा दोन प्रकारचे मिळतात. बाजारात सहज मिळतो तो माउंटन बाइकचा. तो माझ्या लिव्हरला लावला असता तर लिव्हर हँडलला टेकला असता आणि पॅड डिस्कला नीट टेकले नसते. म्हणजे पुन्हा पसरणीचा घाट, आणि या वेळी खर्च करून! हायड्रॉलिक करावं तर लिव्हर आणि गिअरशिफ्टर एकत्र असतात, तो पूर्ण सेट बदलावा लागतो. एका मित्राने तर सांगितलं की गॅरेजमधून मोटरसायकलचं ब्रेक ऑइल आणून भरू. काही सायकल ब्रेकमध्ये डॉट फ्लुइड चालतं, काहींत मिनरल ऑइलच लागतं. मिनरल ऑइलच्या ब्रेकमध्ये डॉट भरलं की आतले रबराचे सील फुगतात आणि ब्रेक जातो. मोफतचा सल्ला कधीकधी फार महाग पडतो तो असा.

एवढं होऊनही ग्रुपचं मत होतं की करायचंच. “एक प्लेट वेल्ड करायची, कॅलिपर बोल्ट करायचा, फोटो काढायचे, व्हायवा द्यायची. चालवणार कोण आहे?” हे वाक्य लक्षात ठेवा.

वर्कशॉपमधल्या काकांकडे फोर्क घेऊन गेलो. गेली कित्येक वर्षं आपल्या कॉलेजच्या प्रत्येक बॅचचे प्रोजेक्ट खरं म्हणजे काकांनीच केले आहेत, आपण नुसती रिपोर्टवर नावं टाकतो. काकांनी फोर्क हातात घेतला, पाय बोटाने वाजवून पाहिला. म्हणाले, “नळी पातळ आहे. वेल्ड बसेल. बाजूचा भाग कमजोर होईल. आज काही होणार नाही, उद्या काही होणार नाही. वर्षाने केसाएवढी चीर पडेल, ती रंगाखाली दिसायची नाही.” मग माझ्याकडे बघून म्हणाले, “वेल्डिंग मी करून देतो रे. तुम्हाला मार्कही मिळतील. पण याच्यावर बसणार कोण, तेवढं सांग.”

मी काही बोललो नाही. कारण त्याच आठवड्यात घरून फोन आला होता. धाकटा भाऊ अकरावीला आहे, क्लास चार किलोमीटर लांब, आणि बाबा म्हणत होते की तू बीईला गेलास की तुझी सायकल त्याला दे, नवी कशाला. मी हो म्हटलं होतं. म्हणजे याच्यावर बसणार होता माझा भाऊ. त्याला फोर्क म्हणजे काय हे माहीत नाही. उतारावर तो पुढचा ब्रेक पूर्ण दाबणार, कारण दादाने डिस्क लावली आहे, दादा इंजिनिअर आहे.

फोर्क घेऊन परत आलो आणि ग्रुपला सांगितलं की माझं नाव काढा, सायकल मिळणार नाही. दोन दिवस कोणी बोललं नाही. रूममेट तर एकाच खोलीत राहून चार दिवस बोलला नाही, जे तांत्रिकदृष्ट्या अवघड आहे. शेवटी तोच म्हणाला, “मग निदान तुझे ब्रेक का लागले नाहीत ते तरी शोधू.” आणि तोच आमचा प्रोजेक्ट झाला.

जे सापडलं ते सांगायला लाज वाटते, पण सांगतो. ब्रेकची रबरं सिनियरने घेतली तेव्हाचीच होती. वर्षानुवर्षं उन्हात राहून प्लॅस्टिकसारखी कडक झालेली. त्यांच्यात ॲल्युमिनियमचे बारीक तुकडे रुतले होते. एक रबर निम्मंच रिमवर टेकत होतं. केबल आउटरच्या आत गंजली होती, त्यामुळे माझ्या हाताचा जोर केबलमध्येच जिरत होता. रिमवर चेनच्या तेलाचा थर. मी घाटात पडलो तो रिम ब्रेकमुळे नाही. मी सायकल घेतल्यापासून ब्रेककडे एकदाही वाकून पाहिलं नव्हतं म्हणून पडलो. डिस्क असती तर तिचीही मी हीच अवस्था केली असती. डिस्कला तर तेलाचा एक थेंब पुरतो, पॅड तेल पितात आणि मग नुसते किंचाळतात, धरत नाहीत.

मग चांगल्या प्रतीची रबरं, नव्या केबली, नवे आउटर घातले, रिम स्पिरिटने पुसली, आउट काढला. सगळा खर्च माझ्या पंधरा दिवसांच्या वडापावाएवढा. हॉस्टेलमागच्या रस्त्यावर बादलीने रिम ओली करून आम्ही पुन्हा पुन्हा ब्रेक मारले. कोरड्यात आता बोटभर दाबला तरी सायकल थांबते. ओल्यात आधीपेक्षा खूप चांगली, पण सुरुवातीचे एक-दोन फेरे रबर अजूनही पाणीच पुसतं. ते खोटं बोलून लपवत नाही. म्हणून आता पावसात मी वळणाच्या बऱ्याच आधी ब्रेक हलका टेकवून रिम पुसून घेतो आणि मग लागेल तेवढा दाबतो. मामा हेच सांगत होता. त्याला फोन करून तसं सांगितलं तर म्हणाला, “चार वर्षं शिकून एवढंच?” मी म्हटलं, तीनच झालीत मामा.

आता कुणी विचारेल, मग जुन्या सायकलला डिस्क लावण्याचा काहीच रास्त मार्ग नाही का? एक आहे. वेल्डिंग न करता, मुळातच डिस्कसाठी बनलेला फोर्क बसवायचा. स्टिअरर नळीचा व्यास आणि फोर्कची उंची जुन्याशी जुळणारी हवी, नाहीतर सायकलचं वळणं बदलतं. पुढे डिस्क हबचं चाक, आणि रोड लिव्हरसाठीचा केबलवरचा कॅलिपर. मागे आहे तोच रिम ब्रेक राहू द्यायचा. थांबण्याचं मोठं काम पुढचं चाकच करतं, त्यामुळे हा अर्धा उपाय अर्ध्याहून जास्त फायदा देतो. मीही हिशोब केला होता. फोर्क, चाक, कॅलिपर, रोटर, मजुरी यांची बेरीज सायकलच्या किमतीच्या इतकी जवळ गेली की मी कागद घडी करून ठेवून दिला. ज्याची फ्रेम खरंच चांगली आहे आणि ज्याला ब्रेवेसारख्या लांब रात्रीच्या राइड पावसात करायच्या आहेत, त्याने तो जरूर करावा. बाकीच्यांनी ते पैसे पुढच्या सायकलसाठी साठवावेत आणि ती डिस्कची घ्यावी.

शेवटी जरा स्पष्ट बोलतो, संपादकांनी कापू नये. आपल्याकडे प्रोजेक्ट म्हणजे काहीतरी ‘लावणं’ झालं आहे. याला मोटर लाव, त्याला सेन्सर लाव, सायकलला डिस्क लाव. लावलेलं दिसतं, फोटोत येतं, मार्क मिळतात. काय कशाला पेलतं, हे कोणी विचारत नाही, कारण व्हायवा झाल्यावर ती वस्तू वर्कशॉपच्या मागे गंजणार हे आपण सगळे धरूनच चालतो. ‘चालवणार कोण आहे?’ हे वाक्य आपण इतक्या सहज बोलतो. पण चार-पाच वर्षांनी आपण बनवलेल्या वस्तू कोणीतरी खरंच चालवणार आहे. कोणाचा तरी भाऊ, कोणाचे तरी बाबा. तेव्हा काकांचा प्रश्न विचारायला काका तिथे नसतील.

आम्हाला प्रोजेक्टला किती मार्क पडले? डिस्क लावणाऱ्या दुसऱ्या एका ग्रुपपेक्षा कमीच पडले. त्यांचं मॉडेल दिसायला भारी होतं, खोटं कशाला बोलू. आमच्याकडे दाखवायला होती घासलेली चार रबरं आणि गंजलेली केबल. पण माझी सायकल मे महिन्यात घरी जाणार आहे, आणि भावाला ती देताना मला काही लपवावं लागणार नाही.

तेव्हा मंडळी, एवढंच करा. आज रात्री मेसला जाताना पार्किंगमधल्या आपल्या सायकलपाशी दोन मिनिटं थांबा. ब्रेकची रबरं नखाने दाबून बघा. कडक असतील तर बदला. केबल खेचून बघा, रखडत असेल तर बदला. रिम पुसा. डिस्क असेल तर तिला तेलकट बोट लावू नका. उशीर झाला, आमटी संपली, तरी चालेल. थांबला तो संपत नाही, हे मी गुडघ्यावरच्या आठ टाक्यांची शपथ घेऊन सांगतो.